अब्जांश तंत्रज्ञान : लोकांच्या पैशातून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत

खताच्या दुकानात युरियाच्या गोण्यांच्या थप्पीशेजारी अर्ध्या लिटरच्या लहान बाटल्या मांडलेल्या आता ठिकठिकाणी दिसतात. नॅनो युरिया या नावाने त्या विकल्या जातात. ही एक बाटली म्हणजे युरियाची एक गोणी, असे शेतकऱ्यास सांगण्यात येते. गोणी पाठीवर घेऊन चिखलातून बांध ओलांडणाऱ्या माणसास हे ऐकून आनंद व्हावा, हे साहजिक आहे. त्याचबरोबर, आयुष्यभर वजनकाट्याचा व्यवहार केलेल्या त्याच्या मनात शंका यावी, हेही तितकेच साहजिक आहे.

हा आनंद कितपत खरा आणि ही शंका कितपत रास्त, याचे उत्तर केवळ बाटलीकडे पाहून मिळणार नाही. या बाटलीमागे एक नवे शास्त्र आहे. त्या शास्त्रामागे अनेक वर्षांचे संशोधन आहे, आणि त्या संशोधनामागे बव्हंशी सरकारी तिजोरीतील, म्हणजे आपणा सर्वांचा पैसा आहे. हे शास्त्र काय आहे, त्यावर लोकांचा पैसा का खर्च झाला, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्या खर्चाचे फळ शेतकऱ्याच्या पदरात पडावयाचे तर आणखी काय केले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अब्जांश म्हणजे किती?

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. शंभर कोटी म्हणजे एक अब्ज. म्हणून या शास्त्रास मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असे नाव मिळाले आहे. माणसाच्या डोक्यावरील केसाची जाडी साधारणतः ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. एक ते शंभर नॅनोमीटर एवढ्या आकाराच्या कणांचा अभ्यास व उपयोग, हा या शास्त्राचा विषय होय.

पदार्थ इतका बारीक केल्याने काय साधते? शेतकऱ्यास परिचित असलेले उदाहरण घेऊ. गाडीभर शेणखत शेताच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवले, तर ढिगाच्या बाहेरच्या थराचाच मातीशी संबंध येतो. तेच खत शेतभर पसरले म्हणजे त्याचा कण न् कण मातीला मिळतो. खताचे वजन वाढलेले नसते. वाढलेला असतो तो त्याचा स्पर्श.

हीच गोष्ट हिशेबाने पाहता येईल. एक सेंटिमीटर बाजूच्या लहानशा ठोकळ्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याच ठोकळ्याचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्व तुकड्यांच्या पृष्ठभागांची बेरीज सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होते. चिमटीत मावणाऱ्या पदार्थास दीड एकराचा पृष्ठभाग मिळाला, की त्याचे गुणधर्म पालटतात. सोन्याचा पिवळा रंग जाऊन तो लाल दिसू लागतो, चांदीची जंतुनाशक शक्ती वाढते, आणि गंजासारखा निरुपयोगी वाटणारा पदार्थ पाण्यातील विष शोषून घेऊ लागतो.

मात्र एक गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. बारीक केल्याने पदार्थाचा पृष्ठभाग वाढतो. त्याचे वजन वाढत नाही. पुढील विवेचनात या भेदास फार महत्त्व आहे.

पहिला पैसा कोणी घातला?

पदार्थाची रचना अणू-रेणूंच्या पातळीवर करता येईल, ही कल्पना अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ सालच्या डिसेंबर महिन्यात एका व्याख्यानात मांडली. ती त्या वेळी कल्पनाच होती. एकेका अणूचे चित्र उमटविणारे सूक्ष्मदर्शक यंत्र १९८१ मध्ये झुरिच येथील एका खाजगी कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले, आणि त्याच्या निर्मात्यांस १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे व्याख्यानापासून यंत्रापर्यंत बावीस वर्षे गेली, आणि यंत्रापासून बाजारातील उपयुक्त वस्तूंपर्यंत पोहोचण्यास आणखी पुष्कळ काळ लागला.

एवढा काळ थांबण्याची ऐपत आणि इच्छा फार थोड्या कारखानदारांजवळ असते. कारखानदार आज घातलेला रुपया चार-पाच वर्षांत परत यावा, असे पाहतो. आणि त्यात त्याची चूक नाही. परंतु मूलभूत संशोधनात दहा प्रयत्नांपैकी नऊ निष्फळ ठरण्याचा संभव असतो. जो एक सफल होतो, त्याचे ज्ञान ग्रंथांतून व नियतकालिकांतून सर्वांस खुले होते. ज्याने पैसा घातला त्यालाच लाभ मिळेल, याची शाश्वती नसते. विहीर खणताना पाणी लागेल की नाही हे ठाऊक नसते, आणि लागलेच तर त्यावर साऱ्या गावाचा हक्क राहणार असतो. अशी विहीर एकट्यादुकट्याने खणावी अशी अपेक्षा करता येत नाही. ती गावानेच खणावी लागते. मूलभूत संशोधनावर सरकारने खर्च का करावा, याचे कारण इतके साधे आहे.

अमेरिकेने २००० साली राष्ट्रीय पातळीवर अब्जांश तंत्रज्ञानाचा कार्यक्रम जाहीर केला आणि २००३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २००१ पासून २०२३ पर्यंत त्या देशाच्या मध्यवर्ती सरकारने या कार्यक्रमासाठी केलेल्या तरतुदींची बेरीज चाळीस अब्ज डॉलरच्या आसपास जाते.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००१ मध्ये या कामास प्रारंभ केला. त्यानंतर २००७ च्या मे महिन्यात नॅनो मिशन ही योजना हाती घेण्यात आली, आणि पाच वर्षांसाठी तिला एक हजार कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ प्रा. सी. एन. आर. राव हे तिच्या परिषदेचे अध्यक्ष होते. २०१४ मध्ये योजनेच्या पुढील टप्प्यास ६५० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. दरम्यान २०१३ मध्ये पंजाबातील मोहाली येथे या विषयास वाहिलेली स्वतंत्र संशोधन संस्था कार्य करू लागली.

एक हजार कोटी हा आकडा ऐकण्यास मोठा वाटतो. तो त्या वेळच्या लोकसंख्येवर वाटला, तर पाच वर्षांत माणशी दहा रुपयांहूनही कमी भरतो. या पैशातून मुख्यत्वे दोन गोष्टी उभ्या राहिल्या : महागडी उपकरणे, जी एकाच विद्यापीठास घेणे परवडले नसते, आणि ती उपकरणे हाताळू शकणारी शिकलेली तरुण माणसे. यंत्रे कालांतराने जुनी होतात. तयार झालेली माणसे मात्र ज्ञान पुढच्या पिढीस देत राहतात.

मर रोगाची बुरशी आणि निंबाचा पाला

या संशोधनाचा शेतीशी कसा संबंध आला, हे पाहण्यासाठी प्रथम पुण्यास जावे लागेल. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. या शतकाच्या आरंभी तेथील मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. धातूंचे अतिसूक्ष्म कण बनविण्यासाठी तोवर बहुधा तीव्र रसायने वापरली जात. हेच काम एखादा सजीव करील काय, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यासाठी त्यांनी वापरलेल्या जीवांपैकी एक होती फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी. हरभरा आणि कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हे नाव ठाऊक नसले, तरी तिचा प्रताप चांगला ठाऊक आहे. उभे झाड बघता बघता सुकविणारा मर रोग याच जातीच्या बुरशीमुळे होतो. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात या बुरशीची वाढ ठेवली असता तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रथिनांमुळे चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात, असे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, निंबाचा पाला उकळून काढलेल्या अर्कानेही चांदी-सोन्याचे असे कण बनविता येतात, हे त्यांनी दाखविले.

हे संशोधन चालू असताना त्याचा बाजारात काय उपयोग होईल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकले नसते. पिकाचा नाश करणाऱ्या बुरशीस चांदीच्या पाण्यात वाढविण्यासाठी कोणत्या व्यापाऱ्याने पैसे दिले असते? परंतु ही वाट एकदा मोकळी झाल्यावर देशोदेशीचे संशोधक तिच्यावरून चालू लागले.

जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतही याच दिशेने काम झाले. तेथील शास्त्रज्ञांनी जमिनीतील बुरशीच्या साहाय्याने जस्ताचे अतिसूक्ष्म कण तयार केले आणि ते बाजरीवर फवारून पाहिले. या कामाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पिकास जस्त फार थोडे लागते. हेक्टरी मोजावयाचे झाल्यास काही शे ग्रॅम. जे द्रव्य मुळातच थोडे लागते, ते बारीक कणांच्या रूपाने पानांवर देण्यात अर्थ आहे. कारण तेथे प्रश्न वजनाचा नसून पोहोचण्याचा असतो. यास्तव सूक्ष्म अन्नद्रव्ये हे अब्जांश तंत्रज्ञानाचे शेतीतील स्वाभाविक क्षेत्र आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

पिण्याचे पाणी आणि सरकीवरील तंतू

सरकारी खर्चाची आणखी दोन फळे येथे सांगण्यासारखी आहेत.

शेतात फवारलेली कीटकनाशके पावसाच्या पाण्याबरोबर विहिरी-ओढ्यांत उतरतात. चेन्नई येथील आय.आय.टी.मधील प्रा. टी. प्रदीप व त्यांचे सहकारी यांना असे आढळून आले, की चांदीसारख्या धातूंच्या सूक्ष्म कणांवर एन्डोसल्फान, मॅलॅथिऑन, क्लोरपायरीफॉस अशी कीटकनाशके धरून ठेवली जातात. या शोधावर आधारलेले घरगुती जलशुद्धीकरण यंत्र २००७ च्या सुमारास बाजारात आले. पुढे याच गटाने लोहाच्या संयुगाचे सूक्ष्म कण आणि कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान यांच्या मिश्रणाचा उपयोग करून पाण्यातील आर्सेनिक काढून टाकण्याची पद्धत बसविली. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकाने पिढ्यांचे आरोग्य बिघडविले आहे. तेथे लिटरभर पाण्यात दहा मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक नसावे, हे प्रमाण पाळणे ही चैनीची गोष्ट नसून जगण्याचा प्रश्न आहे. या कामास नॅनो मिशनचे साहाय्य मिळालेले होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. माटुंगा येथील कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ साली स्थापन झाली, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाशी तिचा शंभर वर्षांचा संबंध आहे. जिनिंगमध्ये रुई काढून घेतल्यावर सरकीवर जे आखूड तंतू राहतात, त्यांस लिंटर म्हणतात. त्यांचा धागा होत नाही. या तंतूंपासून अब्जांश आकाराचे सेल्युलोज काढण्याची पद्धत या संस्थेने बसविली, आणि राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्पाच्या साहाय्याने आठ तासांच्या पाळीत दहा किलो माल देणारे प्रायोगिक यंत्र उभारले. असे सेल्युलोज कागद, वेष्टनाचे पातळ पापुद्रे आणि इतर संमिश्र पदार्थ यांना बळकटी देते. दहा किलो हे प्रमाण व्यापाराच्या दृष्टीने अल्प आहे. परंतु प्रयोगशाळेतील चमचाभर पदार्थ आणि कारखान्यातील टनभर माल यांच्यामधला हा जो पूल आहे, तोच बांधण्यास बहुधा कोणी पुढे येत नाही. पुष्कळसे चांगले शोध या दोन काठांच्या मध्येच बुडतात.

बाटलीचा हिशेब

आता आरंभी उल्लेखिलेल्या बाटलीकडे वळू. द्रवरूप नॅनो युरियाचा समावेश केंद्र सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशात केला. त्याच वर्षी इफ्को या सहकारी संस्थेने तो बाजारात आणला. गुजरातेतील कलोल येथील कारखान्याचे उद्घाटन २०२२ च्या मे महिन्यात झाले. आरंभी ५०० मिलिलिटरच्या बाटलीची किंमत २४० रुपये होती. बाटलीतील नत्राचे प्रमाण ४ टक्के, आणि एक बाटली ४५ किलोच्या एका गोणीची जागा घेईल, असे सांगण्यात आले.

येथे शेतकऱ्याने आपला जुना मित्र, म्हणजे वजनकाटा, पुढे घ्यावा. साध्या युरियात ४६ टक्के नत्र असते. त्या हिशेबाने ४५ किलोच्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र होते. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र म्हणजे सुमारे २० ग्रॅम. गोणीतील नत्र बाटलीच्या हजारपट आहे.

गोणीतील सर्व नत्र पिकास मिळत नाही, हे खरे आहे. काही वायुरूपाने उडते, काही पाण्याबरोबर खाली झिरपते, आणि पिकास साधारणतः तीस ते पन्नास टक्के लाभते. तीस टक्के धरले तरी ते सहा किलोंहून अधिक होते. उलट बाजूने पाहू. एक किलो गव्हाच्या दाण्यांत सुमारे २० ग्रॅम नत्र असते. म्हणजे बाटलीतील सर्वच्या सर्व नत्र एक थेंबही वाया न जाता दाण्यात उतरले, तरी ते एक किलो गव्हास पुरेल. बाकीच्या गव्हाचे नत्र जमिनीतूनच आले पाहिजे.

यावर समर्थकांचे म्हणणे असे, की हे कण पिकाच्या अंतर्गत क्रियांस चालना देतात व त्यामुळे जमिनीतील नत्राचा उपयोग अधिक चांगला होतो. सुमारे अकरा हजार शेतांवर व ९४ पिकांवर घेतलेल्या चाचण्यांत सरासरी ८ टक्के उत्पादनवाढ झाली, असे उत्पादक संस्थेने जाहीर केले होते. काही संशोधन संस्थांच्या चाचण्यांत ३ ते ८ टक्के वाढ दिसल्याचे सरकारी निवेदनांतही आले आहे.

तथापि दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने भात व गहू या पिकांवर दोन वर्षे प्रयोग केले. शिफारशीच्या निम्मे नत्र जमिनीतून देऊन उरलेल्या निम्म्याऐवजी नॅनो युरियाच्या फवारण्या केल्या असता, पूर्ण नत्र दिलेल्या पिकाच्या तुलनेने गव्हाचे उत्पादन २१.६ टक्क्यांनी व भाताचे १३ टक्क्यांनी घटले. दाण्यांतील नत्रही कमी झाले, म्हणजे प्रथिने घटली. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनीही, या खताविषयी केलेल्या दाव्यांस शास्त्रीय पुरावा अपुरा आहे, असे मत एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. त्यानंतर २०२४ मध्ये नत्राचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढविलेला नवा प्रकार खत नियंत्रण आदेशात समाविष्ट झाला. त्यामुळे बाटलीतील नत्र सुमारे पाचपट झाले. तरीही गोणीच्या मानाने ते शेकडो पटींनी कमीच आहे.

गव्हाच्या उत्पादनात पाचव्या हिश्श्याची घट म्हणजे काय, हे शेतकऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एकरी पंधरा क्विंटल पिकविणाऱ्याचे तीन क्विंटल जातात. पीक-कर्जाचा हप्ता, पुढील हंगामाचे बियाणे, मुलांच्या शाळेचा खर्च ही सर्व त्या तीन क्विंटलांत असतात.

परीक्षेचा खर्च हाही संशोधनाचाच खर्च

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा दोष उघडकीस आणणारे पंजाब कृषी विद्यापीठही लोकांच्या पैशावरच चालते. ज्या सार्वजनिक पैशाने नव्या शास्त्राचा पाया घातला, त्याच सार्वजनिक पैशाने त्याची परीक्षाही घेतली. म्हणून या प्रकरणावरून, सरकारने अब्जांश तंत्रज्ञानावर खर्च करणे व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. खरा निष्कर्ष असा, की शोधावर खर्च होतो त्या मानाने परीक्षेवर होत नाही, आणि परीक्षा पुरी होण्यापूर्वीच विक्री सुरू होते.

आपल्या देशाने हा धडा पूर्वी चांगला गिरविला होता. १९५७ मध्ये मक्यासाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना सुरू झाली. पुढे ज्वारी, बाजरी, गहू, भात या पिकांसाठीही तशाच योजना निघाल्या. एका केंद्रावर तयार झालेले वाण देशभरच्या अनेक केंद्रांवर, निरनिराळ्या जमिनींत व हवामानांत, स्थानिक वाणाशेजारी पेरून पाहावयाचे आणि मगच त्याची शिफारस करावयाची, असा त्यांचा दंडक होता. १९६४ साली प्रसृत झालेली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी अशाच वाटेने महाराष्ट्राच्या शेतांत आली. शेतकऱ्याने त्या बियाण्यावर विश्वास ठेवला, तो केवळ जाहिरातीमुळे नव्हे. शेजारच्या शेतावरील प्रात्यक्षिक त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

अब्जांश कणांच्या खतांस व औषधांस हाच दंडक लावणे अगत्याचे आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये कृषी-निविष्ठा व अन्नपदार्थ यांतील नॅनो पदार्थांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. गुणवत्ता, उपयुक्तता व सुरक्षितता या तिन्हींचा विचार त्यांत आहे. परंतु तत्त्वे कागदावर असून भागत नाही. अनेक हंगाम आणि अनेक ठिकाणी, उत्पादकापासून स्वतंत्र अशा संस्थांनी चाचण्या घ्याव्यात, आणि अनुकूल निष्कर्षांइतकेच प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध व्हावेत, यासाठी पैसा राखून ठेवला पाहिजे. पहिला रुपया नव्या कल्पनेस द्यावा लागतो; शेवटचा रुपया त्या कल्पनेच्या कसोटीस द्यावा लागतो. शेवटचा वाचविला, तर पहिलाही वाया जातो.

आपल्या शेतावरील कसोटी

ही कसोटी केवळ विद्यापीठांनीच घ्यावी असे नाही. प्रयोगशील शेतकरी आपल्या शेताच्या चार गुंठ्यांत ती घेऊ शकेल. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

एकसारखी जमीन व एकच वाण असलेल्या शेतात ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे एकेक गुंठ्याचे चार वाफे आखावेत. स्फुरद, पालाश, पाणी, आंतरमशागत ही चारही वाफ्यांस सारखीच द्यावीत.

पहिल्या वाफ्यास शिफारस केलेले पूर्ण नत्र द्यावे.

दुसऱ्या वाफ्यास निम्मेच नत्र द्यावे व फवारणीच्या वेळी नुसते पाणी फवारावे.

तिसऱ्या वाफ्यास निम्मे नत्र देऊन बाटलीवरील सूचनेप्रमाणे नॅनो युरिया फवारावा. लिटरला ४ मिलिलिटर प्रमाण असल्यास गुंठ्यास सुमारे तीन लिटर पाण्यात १२ मिलिलिटर पुरेल.

चौथ्या वाफ्यास निम्मे नत्र देऊन त्याच दिवशी साध्या युरियाचे दोन टक्के द्रावण, म्हणजे तीन लिटर पाण्यात ६० ग्रॅम युरिया, फवारावे. ही जुनी व परिचित पद्धत आहे, आणि त्या ६० ग्रॅम युरियात ४ टक्के नत्राच्या एका संपूर्ण बाटलीपेक्षा अधिक नत्र असते.

बहुतेक प्रात्यक्षिकांत दुसरा वाफा नसतो, आणि तेथेच फसगत होते. तिसऱ्या वाफ्याचे पीक चांगले आले तर ते बाटलीमुळे आले, की जमिनीत शिल्लक असलेल्या नत्रामुळे आले, हे दुसऱ्या वाफ्याशी तुलना केल्यावाचून कळणार नाही. दुसरा व तिसरा सारखेच उतरले, तर बाटलीचा उपयोग झाला नाही, असे समजावे. तिसरा दुसऱ्यापेक्षा सरस व पहिल्याच्या बरोबरीचा आला, तर उपयोग झाला असे म्हणता येईल. चौथ्या वाफ्यावरून स्वस्तातला पर्याय कितपत पुरा पडतो, ते कळेल.

कापणी स्वतंत्र करावी, मळणी स्वतंत्र करावी, आणि दाणे तोलून आकडे वहीत लिहून ठेवावेत. नुसत्या हिरवेपणावरून निर्णय करू नये. पानाचा रंग आणि खळ्यावरील रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वर्षाच्या अनुभवावर विसंबू नये. पहिल्या वर्षी जमीन आपली साठवण देऊन उणीव झाकते. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उघडी पडते. गावातील पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून हा प्रयोग केला आणि कृषी सहायकास व जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास आकडे दाखविले, तर त्याचे मोल अधिक वाढेल. फवारणी करताना हातमोजे व तोंडास फडके वापरावे, वाऱ्याच्या दिशेने फवारावे आणि बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, हे सांगावयास नको.

जोपर्यंत स्वतःच्या शेतावर अथवा आपल्या भागातील विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर खात्री पटलेली नाही, तोपर्यंत केवळ बाटलीच्या भरवशावर जमिनीतून द्यावयाचे नत्र निम्म्यावर आणू नये. नत्राची बचत करावयाचीच असेल, तर माती परीक्षण, शेणखत, द्विदल पिकांचा फेरपालट आणि हप्त्याहप्त्याने खत देणे हे मार्ग आजही खात्रीचे आहेत. प्रयोगात एका गुंठ्याचे नुकसान झाले तर ते सोसता येते. एकराचे सोसत नाही.

उपसंहार

मर रोगाच्या बुरशीपासून चांदीचे कण, टाकाऊ लिंटरपासून बळकट कागद, गंजाच्या जातीच्या पदार्थापासून निर्विष पाणी, ही सर्व किमया लोकांच्या पैशाने, धीराने आणि शिकलेल्या माणसांच्या परिश्रमाने घडली आहे. तो पैसा यापुढेही खर्च झाला पाहिजे. उद्याचे उपयुक्त खत किंवा औषध आज कोणत्या प्रयोगशाळेत कोणत्या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नातून उगवत आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु ज्या शेतकऱ्याने आपला वाटा या खर्चात घातला आहे, त्यास दोन गोष्टी मागण्याचा पूर्ण अधिकार आहे : एक, संशोधन त्याच्या बांधापर्यंत पोहोचावे, आणि दुसरी, ते पोहोचण्यापूर्वी पारखून घेतलेले असावे.

शेतकरी बियाणे पेरण्यापूर्वी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून त्यांची उगवण पाहतो. त्यात बियाणे देणाऱ्याचा अपमान नसतो. स्वतःच्या श्रमांविषयीचा आदर असतो. नव्या शास्त्राचे स्वागतही त्याने याच रीतीने करावे.